कासवांचा माग काढणारे आर्ची कार

देवळात पाऊल टाकले की गाभाऱ्यापुढील फरशीत बसविलेले दगडी कासव आपल्या दृष्टीस पडते. चारही पाय आत ओढून स्वस्थ बसलेले ते कासव म्हणजे संयमाचे प्रतीक होय, असे वडीलधारी मंडळी आपणांस सांगतात. त्यामुळे कासव म्हटले की सावकाश चालणारा, एका जागी मुकाट्याने पडून राहणारा प्राणी आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु त्याच कुळातील समुद्रकासवाची जीवनकथा अगदी निराळी आहे. त्याचे पाय वल्ह्यांसारखे चपटे असतात, त्याला ते कवचात ओढून घेता येत नाहीत, आणि त्याचा बहुतेक सारा जन्म प्रवासात जातो.

आपल्या रायगड जिल्ह्यात दिवेआगर आणि हरिहरेश्वर येथील पुळणीवर हिवाळ्याच्या रात्री समुद्रकासवाची मादी येते. वाळूत खड्डा करून ती शंभराच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजविते आणि मागे वळूनही न पाहता समुद्रात निघून जाते. सुमारे पन्नास दिवसांनी मुठीत मावतील एवढाली पिले वाळूतून वर येतात आणि लाटांकडे धाव घेतात. पहिली लाट त्यांना उचलते आणि क्षणार्धात ती दिसेनाशी होतात. ती कोठे जातात? काय खातात? आईबाप जवळ नसताना त्यांना वाट कोण दाखविते? ह्या प्रश्नांच्या मागे एका माणसाने आपले उभे आयुष्य वेचले. त्यांचे नाव आर्ची कार.

आर्चिबाल्ड कार यांचा जन्म १६ जून १९०९ रोजी अमेरिकेच्या दक्षिण भागातील मोबील या बंदराच्या शहरी झाला. त्यांचे वडील ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. तथापि रानावनात हिंडण्याचा आणि मासे धरण्याचा त्यांना मोठा नाद होता. मुलगा वडिलांच्या पाठोपाठ ओढ्याकाठी जाऊ लागला आणि परत येताना साप, सरडे, कासवे घरी आणू लागला. घराच्या परसात त्याने त्यांच्यासाठी पिंजरे केले. प्रत्येक प्राण्याची खोड न्याहाळण्यात त्याचे तासन्‌तास जात. पुढे फ्लॉरिडा विद्यापीठात त्याने प्राणिशास्त्राचा अभ्यास केला आणि १९३७ साली त्या विषयातील सर्वोच्च पदवी मिळविली. त्याच वर्षी मार्जरी हॅरिस या निसर्गप्रेमी तरुणीशी त्यांचा विवाह झाला. पुढील पन्नास वर्षे उभयतांनी निसर्गाची सेवा जोडीने केली.

विद्यापीठात अध्यापन करीत असतानाच कार यांनी १९४५ ते १९४९ या काळात मध्य अमेरिकेतील होंडुरास देशाच्या एका कृषिविद्यालयात शिकविले. तेथील मुक्कामात साध्यासुध्या माणसांशी त्यांच्याच बोलीत बोलण्याची सवय त्यांना लागली. ही सवय पुढे त्यांच्या फार उपयोगी पडली.

१९५२ साली कार यांचा कासवांवरील मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ओढ्यातल्या आणि तळ्यातल्या कासवांविषयी लिहिताना त्यांची लेखणी कोठे अडखळली नाही. समुद्रकासवांचे प्रकरण आले, तेव्हा मात्र त्यांना आपल्या ज्ञानाच्या मर्यादा दिसून आल्या. समुद्रकासवे मोठा प्रवास करतात की नाही, ती चरण्यासाठी कोठे जातात, पिलांचे पुढे काय होते, या प्रश्नांना ग्रंथांत उत्तरे नव्हती. एखादा विद्वान अशा वेळी अंदाजाने काही लिहून मोकळा झाला असता. कार यांनी तसे केले नाही. जे पुस्तकात नाही ते कोळ्यांना आणि खलाशांना ठाऊक असेल, असा विचार करून ते कॅरिबियन समुद्राच्या काठाकाठाने हिंडू लागले.

या भ्रमंतीत केमन बेटांवरील नावाड्यांनी त्यांना एक विलक्षण हकिकत सांगितली. हे नावाडी निकाराग्वा देशाच्या किनाऱ्याजवळ, समुद्रतळावरील गवताच्या कुरणांत हिरवी कासवे धरीत. आपला माल ओळखू यावा म्हणून प्रत्येक जण कासवाच्या पोटाकडील कवचावर आपली खूण कोरी. मग ती कासवे जहाजाने फ्लॉरिडातील की वेस्ट या गावी नेऊन पाण्यातील कुंपणात ठेवीत. एकदा वादळाने हे कुंपण मोडले आणि कासवे निसटली. काही महिन्यांनी त्याच नावाड्यांनी आपल्या नेहमीच्या जागी जाळी टाकली, तेव्हा त्यांत आपलीच खूण असलेली कासवे त्यांना आढळली! कासवे जहाजातून नेलेली, वाट न पाहिलेली. अंतर एक हजार किलोमीटरांहून अधिक. तरीही ती आपल्या जुन्या कुरणावर परतली होती.

ही गोष्ट कार यांच्या मनात घर करून राहिली. ती त्यांनी हसण्यावारी नेली नाही. आणि केवळ ऐकीव म्हणून ती शास्त्रात घुसडलीही नाही. गोष्ट खरी असेल तर ती पुराव्याने सिद्ध करून दाखविली पाहिजे, असे त्यांनी ठरविले.

कोस्टा रिका देशाच्या पूर्व किनाऱ्यावर तोर्तुगेरो नावाची काळसर वाळूची लांबच लांब पुळण आहे. हिरवी कासवे तेथे मोठ्या संख्येने अंडी घालण्यास येत. त्या काळी किनाऱ्याचे तुकडे वाटून घेऊन माणसे रात्री पहारा करीत, वर आलेल्या मादीला पाठीवर उलथी पाडीत आणि सकाळी तिला विक्रीसाठी नेत. कित्येकींना अंडी घालण्याचीही सवड मिळत नसे. परदेशांतील श्रीमंत लोकांना कासवाचे सार फार प्रिय होते. हा क्रम असाच चालू राहिला, तर पुळणी ओस पडतील, हे कार यांना स्पष्ट दिसत होते.

१९५५ साली कार यांनी तोर्तुगेरो येथे कासवांना बिल्ले लावण्याचे काम सुरू केले. बिल्ल्यावर एक क्रमांक असे, आणि तो सापडल्यास विद्यापीठाकडे पाठवावा, पाठविणाऱ्यास बक्षीस मिळेल, असा मजकूर असे. पेणजवळच्या हमरापुरात घडविलेल्या गणेशमूर्ती दूरदूरच्या गावी जातात. कोणती मूर्ती कोणत्या घरी पूजेला बसली, हे एखादे पत्र आल्याशिवाय कारागिराला कसे कळावे? कार यांचीही स्थिती तशीच होती. बिल्ला लावून कासव समुद्रात सोडावयाचे आणि मग पत्राची वाट पाहावयाची, एवढेच त्यांच्या हाती होते.

पहिल्या वर्षी तर निराशाच पदरी आली. बिल्ले कवचाच्या मागच्या कडेला तारेने बांधले होते. ते समुद्रात निखळून पडू लागले. कार यांनी हार मानली नाही. गुरांच्या कानांना लावतात तसे धातूचे बिल्ले त्यांनी आणविले आणि ते कासवाच्या पुढच्या वल्ह्यासारख्या पायाला लावले. हे बिल्ले टिकले. मग निरनिराळ्या किनाऱ्यांवरून पत्रे येऊ लागली. नकाशावर एकेक खूण होत गेली, आणि हळूहळू चित्र स्पष्ट झाले. तोर्तुगेरोची बहुसंख्य कासवे निकाराग्वाच्या किनाऱ्याजवळील त्याच गवताळ कुरणांवर चरत होती, ज्यांची गोष्ट नावाड्यांनी सांगितली होती. दोन, तीन किंवा चार वर्षांनी तीच मादी अंडी घालण्यासाठी पुन्हा तोर्तुगेरोलाच येत होती. चरण्याची जागा एक, अंडी घालण्याची जागा दुसरी, आणि दोन्ही ठिकाणी ती न चुकता परतत होती. नावाड्यांचे म्हणणे खरे ठरले.

परंतु या यशाला एक दुःखाची किनार होती. बिल्ला परत येई तो बहुधा कासव मारले गेल्यामुळेच. प्रत्येक पत्राने ज्ञानात भर पडे आणि एक कासव उणे होई. १९६० च्या दशकाच्या अखेरीस निकाराग्वाच्या किनाऱ्यावर कासवांचे मांस परदेशी पाठविणारे कारखाने निघाले, तेव्हा तर हा संहार फारच वाढला. एखाद्या संशोधकाला अधिक पत्रे येत असल्याचा आनंद झाला असता. कार यांना मात्र ती धोक्याची सूचना वाटली. तोर्तुगेरोची पुळण राखली, तरी कासवे कुरणावर मारली जात असतील तर त्या राखणीचा उपयोग काय? त्यांनी लेख लिहिले, सरकारांना विनविले, लोकांना जागे केले. १९७५ साली कोस्टा रिकाने कायद्याने तोर्तुगेरोला राष्ट्रीय उद्यान केले, आणि १९७७ साली निकाराग्वातील ते कारखाने बंद झाले.

कार यांची लेखणीही रसाळ होती. १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रवासवर्णनाने अनेक वाचक इतके भारावून गेले की, त्यांतील काहींनी पुढे येऊन हिरव्या कासवांच्या रक्षणासाठी एक मंडळ काढले. त्या मंडळाच्या साहाय्याने १९६० च्या दशकात एक मोठा उपक्रम झाला. तोर्तुगेरोची अंडी व पिले अमेरिकन नौदलाच्या विमानांतून कॅरिबियन समुद्राच्या अनेक ओस पुळणींवर नेण्यात आली. पिले तेथून समुद्रात गेली की मोठी झाल्यावर तेथेच परततील आणि नव्या वसाहती वसतील, अशी आशा होती. वर्षे लोटली, परंतु अशा वसाहती काही उभ्या राहिल्या नाहीत. एवढा खटाटोप फळास आला नाही. पिले समुद्रात शिरल्यावर त्यांच्या आयुष्याचे काय होते, हेच कोणास ठाऊक नव्हते. मग त्यांना कोठे सोडावे हे तरी कसे ठरवावे? आपल्या विषयातील हे अज्ञान कार यांनी कधीही लपविले नाही.

पिलू लाटेत शिरते तेव्हा ते जेमतेम पाच सेंटिमीटर लांब असते. पुढे किनाऱ्याजवळच्या कुरणांवर ते दिसू लागते तेव्हा जेवणाच्या ताटाएवढे झालेले असते. मधल्या काळात ते कोणाच्याच दृष्टीस पडत नसे. या काळाला कार यांनी हरवलेले वर्ष असे नाव दिले. ते वर्ष शोधून काढणे हाच त्यांच्या उतारवयातील ध्यास झाला.

खलाशी, मच्छीमार, विद्यार्थी, दूरदेशीचे संशोधक यांपैकी जो भेटेल त्याला ते विचारीत, जो काही सांगेल ते टिपून ठेवीत. अटलांटिक महासागरात सरगॅसम नावाचे पिंगट शैवाल पाण्यावर तरंगत असते. वादळानंतर किनाऱ्याला लागलेल्या त्याच्या ढिगांत कधी कधी इवलीशी पिले सापडत. जेथे दोन प्रवाह एकमेकांना भिडतात तेथे हे शैवाल लांबच लांब पट्ट्यांनी गोळा होते. त्याच्या आश्रयाने बारीक खेकडे, झिंगे आणि इतर जीव राहतात. पिलांना तेथे लपण्यास जागा मिळते, अन्न मिळते आणि वाहत जाण्यास तराफाही मिळतो, असे अनुमान कार यांनी बांधले.

त्यांच्या हाती आणखी एक दुवा आला. फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावर लॉगरहेड जातीच्या कासवांची पिले जन्मतात. मोठी वाढलेली कासवेही तेथे दिसतात. पण मधल्या आकाराची मात्र दिसत नाहीत. इकडे महासागरापलीकडे, युरोपच्या बाजूस असलेल्या अझोर्स बेटांजवळ लॉगरहेड कासवे सापडत, ती नेमकी याच मधल्या आकाराची. दोन्हीकडची मापे शेजारी मांडल्यावर फ्लॉरिडाच्या मालिकेतील रिकामी जागा अझोर्सच्या कासवांनी भरून निघाली! पिले प्रवाहाबरोबर महासागर ओलांडतात, काही वर्षे तिकडे वाढतात आणि प्रवाहाच्या चक्राबरोबर पुन्हा अमेरिकेच्या किनाऱ्याकडे येतात, असा कार यांनी निष्कर्ष काढला. पुढील काळात आनुवंशिक परीक्षांनी तो खरा ठरविला.

या निष्कर्षाने कार यांचेच जुने मत मागे पडले. ज्याला ते एक वर्ष समजत होते, तो काळ पुष्कळ वर्षांचा निघाला. आपली चूक त्यांनी स्वतःच सुधारली आणि १९८६ व १९८७ सालच्या लेखांतून ती जगापुढे मांडली. त्याच वेळी त्यांनी एक धोकाही दाखवून दिला. जेथे प्रवाह शैवाल गोळा करतात, तेथेच ते माणसाने टाकलेले प्लॅस्टिक आणि डांबराचे गोळेही गोळा करतात. पिलांना त्यांतील भेद कळत नाही. ती प्लॅस्टिक अन्न समजून गिळतात. किनाऱ्यावर टाकलेला कचरा हा असा नजरेआडच्या पिलाच्या तोंडी जातो.

२१ मे १९८७ रोजी फ्लॉरिडातील आपल्या तळ्याकाठच्या घरी कार यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय सत्त्याहत्तर वर्षांचे होते. त्यांच्या हयातीत अनेक प्रश्न सुटले नव्हते. परंतु त्यांनी पेटविलेला दिवा पुढच्यांनी विझू दिला नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लहान लॉगरहेड कासवांच्या पाठीवर सूर्यप्रकाशावर चालणारी छोटी यंत्रे बसविण्यात आली होती. उपग्रहांनी टिपलेल्या खुणांवरून असे दिसले की, पिले नुसती प्रवाहाबरोबर वाहत जात नाहीत. योग्य जागी ती प्रवाह सोडून शैवालाच्या प्रदेशात शिरतात.

कुरणाकडे परतण्याच्या कोड्यावरही प्रकाश पडला. पृथ्वी हा जणू एक प्रचंड लोहचुंबकच आहे, आणि तिचे चुंबकीय बल प्रत्येक ठिकाणी थोडे थोडे वेगळे असते. २००४ साली शास्त्रज्ञांनी फ्लॉरिडाच्या एका कुरणावरील लहान हिरवी कासवे आणून पाण्याच्या हौदात ठेवली. तारांच्या वेटोळ्यांतून वीज सोडून त्यांनी हौदाभोवती तीनशेहून अधिक किलोमीटर उत्तरेकडील जागेसारखे चुंबकीय बल निर्माण केले. कासवे तत्काळ दक्षिणेकडे पोहू लागली! दक्षिणेकडील जागेसारखे बल निर्माण करताच ती उत्तरेकडे वळली. प्रत्यक्षात ती हौदातच होती. पण आपण कुरणापासून दूर आलो, आता परतले पाहिजे, अशी त्यांची समजूत झाली होती. २०२५ साली तर असे सिद्ध झाले की, ज्या ठिकाणच्या चुंबकीय बलात अन्न मिळाले, ते बल लहान लॉगरहेड कासवे कित्येक महिने लक्षात ठेवतात. केमनच्या नावाड्यांनी सांगितलेल्या नवलाचे रहस्य अशा रीतीने उलगडू लागले.

कार यांनी चालविलेली बिल्ल्याची साधी युक्ती आता आपल्या कोकणातही आली आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावी २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने कासवांच्या घरट्यांचे रक्षण सुरू केले. अंडी चोरणे सोडून गावकरी अंड्यांचे राखणदार झाले. २०२२ साली वेळासच्या पुळणीवर प्रथमा नाव दिलेल्या ऑलिव्ह रिडले कासवाच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारे यंत्र बसविण्यात आले. पुढील वर्षी गुहागरहून सोडलेली बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. २०२५ साली गुहागरला अंडी घालण्यास आलेल्या एका मादीच्या पायावर धातूचा बिल्ला आढळला. क्रमांक पाहता तो २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर लावलेला निघाला! पूर्व किनाऱ्याचे समजले गेलेले कासव पश्चिम किनाऱ्यावर घरटे करीत होते.

समुद्रकासवाला एक घर नसते. जन्माची पुळण, वाढीचा खुला समुद्र, चरण्याची कुरणे आणि त्यांना जोडणारे जलमार्ग मिळून त्याचे घर होते. त्यांतील एकही दालन मोडले तर बाकीची राखून भागत नाही, हे कार यांनी दाखवून दिले. त्यासाठी त्यांनी कोळ्याच्या शब्दाला मान दिला, पुराव्याची वर्षानुवर्षे वाट पाहिली आणि स्वतःची चूक दिसताच ती कबूल केली. पुळणीवर फिरावयास गेल्यावर एखादी प्लॅस्टिकची पिशवी लाटेबरोबर जाताना दिसली, तर ती उचलून आणणे हे तुम्हां-आम्हांला सहज करता येण्यासारखे आहे. ती ज्याच्या तोंडी गेली असती ते पिलू आपल्याला कधी दिसणार नाही. पण ते आहे, हे आता आपल्याला ठाऊक झाले आहे.